वाचक विचारतात : भयपटातलं मांजर

मागच्या अंकात भयपटांवर लेख आला आणि सातारा-सांगलीकडच्या बऱ्याच पत्रांचा रोख भुतांऐवजी मांजरावरच निघाला. त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत. नावं गाळली, गावं ठेवली. उत्तरं चित्रपट आणि प्राणीआरोग्य ही सदरं सांभाळणाऱ्या मंडळींनी मिळून लिहिली आहेत.

कराड : भूत येण्याआधी मांजर पाठीची कमान करतं, केस फुलवून फिस्कारतं. हे दृश्य जवळपास प्रत्येक भयपटात असतं. घरची माऊ कधी अशी दिसली तर ती अंगावर येणार, असं समजायचं का?

नाही, ती घाबरली आहे असं समजायचं. पाठीची कमान, फुललेली शेपटी, आडवं उभं राहणं आणि डोक्याला चिकटलेले कान ही सगळी बचावाची लक्षणं आहेत. भीतीने अॅड्रेनलिन वाढतं, केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात आणि केस उभे राहतात. समोरच्याला आपण मोठे दिसावं म्हणून मांजर कूस दाखवून आडवं उभं राहतं. फिस्कारण्याचा अर्थही ‘जवळ येऊ नकोस’ एवढाच. पडद्यावर ज्याला आपण दुष्टपणा समजतो, ती बहुतेक वेळा एका घाबरलेल्या जनावराची धडपड असते. कॅमेरा खालून लावला आणि मागे तंतुवाद्यं वाजवली की त्याच धडपडीची धमकी होते.

खरोखर हल्ला करणारं मांजर वेगळं दिसतं. पाय ताठ, मागचा भाग किंचित उचललेला, शेपटी मुळाशी ताठ आणि पुढे खाली वळलेली, कान बाजूला फिरवलेले आणि नजर रोखलेली. शिकारीवर असलेलं मांजर तर पोट जमिनीला लावून सरकतं, तोंडातून आवाज काढत नाही आणि शेपटीचं टोक तेवढं हलवतं. भयपटांना हे मांजर नको असतं, कारण ते गप्प असतं. आमच्या मते ही चूक आहे. उंदरावर नेम धरलेलं मांजर नीट टिपलं तर त्यासारखं अंगावर काटा आणणारं दृश्य नाही.

घरी मांजर कमान करून उभं राहिलं तर उचलू नका, कोपऱ्यात अडवू नका. त्याला निसटायला वाट ठेवा आणि थोडा वेळ खोलीबाहेर जा. हाताला चावे बहुतेक वेळा याच घडीला बसतात, कारण माणूस ‘अगं काय झालं’ म्हणत पुढे होतो.

वाई : आम्ही कॉलेजची मुलं एका जुन्या वाड्यात लघुपट करतोय. काळं मांजर आहे, मित्राच्या घरचं. अंधारात चमकणारे डोळे आणि ती फुललेली पाठ, हे दोन शॉट हवेत. मोबाइल आणि दोन एलईडी दिवे आहेत. मांजराला त्रास न देता जमेल का?

जमेल, पण आधी परवानगीचं बघा. प्राण्यांशी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, आणि त्याखालचे करमणुकीच्या प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २००१ चे आहेत. चित्रपटात प्राणी वापरायचा तर भारतीय जीव जंतु कल्याण मंडळाकडे आधी अर्ज करावा लागतो. या मंडळाचं मुख्यालय हरियाणातल्या बल्लभगडला आहे. प्राणी तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखलाही लागतो. थेटरात चित्रपट दाखवायचा असेल तर सेन्सॉर बोर्ड मंडळाचं पत्र मागतं. बजेट लहान आहे म्हणून सूट, असं नियमांत नाही. अर्ज शूटिंगच्या आदल्या दिवशी करायचा नसतो, हे निर्मिती सांभाळणाऱ्या मित्राला आत्ताच सांगा.

आता डोळे. मांजराच्या नेत्रपटलामागे आरशासारखा एक थर असतो. डोळ्यात शिरलेला प्रकाश त्यावर आपटून जवळपास आल्या वाटेनेच परत जातो. म्हणून दिवा लेन्सला अगदी खेटून असला तरच डोळे चमकतात. दिवा हातभर बाजूला गेला की चमक संपते. नवखी मुलं नेमकं इथेच फसतात. महागडा दिवा स्टँडवर लांब लावतात आणि मग मांजराचे डोळे ‘चालत नाहीत’ म्हणून कपाळाला हात लावतात.

मोबाइलचा टॉर्च लेन्सशेजारीच असतो, त्यामुळे तुमचं काम सोपं आहे. टॉर्चवर बटर पेपरचे दोन-तीन थर चिकटवा. खोली पाच-दहा मिनिटं अंधारी ठेवा, म्हणजे बाहुल्या मोठ्या होतील. मांजरापासून दोन-तीन मीटरवर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसा. लेन्समागे कुणीतरी चॉकलेटचा कागद चुरगळला की ते कॅमेऱ्याकडे बघतं. दोन-चार सेकंद पुरतात, लगेच टॉर्च बंद करा. डोळ्यांवर उजेड धरून ठेवला तर बाहुल्या बारीक होतात आणि शॉटही जातो. चमक साधारणपणे हिरवट-पिवळी येते. निळ्या डोळ्यांच्या सयामी मांजरात ती बऱ्याचदा लालसर दिसते. त्यामुळे काळ्या मांजराला नंतर संगणकावर लाल डोळे लावले की जाणकाराला ते लगेच खोटे वाटतात.

काळ्या अंगाचा त्रास वेगळा. फ्रेममध्ये काळं जास्त असलं की मोबाइल आपणहून उजेड वाढवतो आणि मांजर राखाडी होतं. स्क्रीनवर बोट दाबून एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, लॉक करा आणि एक-दीड स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). दुसरा एलईडी मांजराच्या मागे, एका बाजूने आणि थोडा वरून लावा. त्याने केसांच्या कडेला बारीक उजळ रेघ येते. ती नसेल तर काळं मांजर वाड्याच्या काळवंडलेल्या भिंतीत बुडून जातं आणि हवेत दोन डोळेच उरतात. तेच हवं असेल तर प्रश्न नाही.

फुललेल्या पाठीसाठी मोठ्या मांजराला घाबरवायचं नाही, आणि त्याची गरजही नाही. तीन ते सहा महिन्यांचं पिल्लू खेळताना आपोआप पाठ उंच करून, शेपटी फुलवून तिरक्या उड्या मारतं. काठीला दोरी आणि पीस बांधा, जमिनीवर फिरवा आणि सेकंदाला १०० फ्रेमने टिपून २५ ने चालवा. एक सेकंदाच्या उडीचे चार सेकंद होतात, चेहऱ्यावरचा खेळकरपणा वेगासोबत निघून जातो आणि मागे भीषण आवाज टाकला की काम झालं. फक्त ते पिल्लूही काळंच हवं, आणि त्याचं नाव अर्जात आधीच असायला हवं. १२० फ्रेमवर घरच्या बल्बखाली चित्र लुकलुकतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. १०० फ्रेम नसेल तर बॅटरीवरचा दिवा वापरा आणि आधी अर्धं मिनिट टिपून तपासा.

मांजराला आदल्या दिवशीच वाड्यातल्या एका बंद खोलीत आणून ठेवा. सोबत त्याचं अंथरूण, पाणी आणि मातीचं घमेलं. शूटिंग नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी लावा. बक्षीस म्हणून उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे पुरतात. पाच मिनिटं काम, मग विश्रांती. मांजराने तोंड फिरवून अंग चाटायला घेतलं की त्या दिवसापुरतं ते संपलं असं धरा. मोठ्या निर्मात्यांकडे एकसारखी दिसणारी अनेक मांजरं असतात. एक चालणारं, एक बसणारं, एक उडी मारणारं. पडद्यावर आपल्याला एकच दिसतं.

वाडा म्हटलं की धूप, कापूर आणि शेंदूर आलाच. मांजर खोलीत असताना यातलं काहीही नको. कापूर मांजराला विषारी आहे. शेंदरात शिसं असतं, आणि अंगाला लागलेलं सगळं मांजर चाटून पोटात घेतं. हेअर डायचं तेच. नकली रक्त दाट दिसावं म्हणून कोको घालतात, तोही मांजराला बाधतो. लिलीची फुलं तर वाड्याच्या आवारातही नकोत. परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मूत्रपिंडं निकामी होतात. सुगंधित तेलं, फटाके, धुराचं यंत्र हे शॉट मांजराला घरी पोचवल्यावर घ्या.

परवानगी नाहीच मिळाली तर सावली वापरा. पुठ्ठ्यातून २० सेंटिमीटरचं मांजर कापा. दिव्यापासून १ मीटरवर पुठ्ठा आणि ४ मीटरवर भिंत ठेवली तर सावली चौपट, म्हणजे ८० सेंटिमीटरची पडते. कडा धारदार हव्यात तर मोबाइलचा टॉर्च उघडा ठेवा, मऊ हव्यात तर पुढे कागद धरा. याला कमी लेखू नका. १९४२ च्या ‘कॅट पीपल’मधला पोहण्याच्या तलावाचा प्रसंग सगळा पाण्याच्या लाटांवर, आवाजावर आणि भिंतीवरच्या सावलीवर उभा आहे. दिग्दर्शक जाक तुर्नरने ती सावली दिव्यासमोर स्वतःची मूठ धरून पाडली होती.

मिरज : शांतता असते, नायिका कपाट उघडते, मांजर किंचाळत बाहेर उडी मारतं, आपण दचकतो. हे माहीत असूनही दर वेळी का दचकतो? आणि हा आवाज करतात कसा?

दचकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. अचानक मोठा आवाज झाला की मेंदूला ‘हे मांजर आहे’ कळायच्या आत पापण्या मिटतात आणि मान आखडते. माहीत असणं तिथपर्यंत वेळेत पोचतच नाही. आवाजाआधीची शांतता जेवढी खोल, तेवढा दणका मोठा.

या युक्तीचं मूळ गंमतशीर आहे, कारण तिथे मांजर नव्हतं. त्याच ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री बागेच्या भिंतीकडेने चालली आहे. मागून दुसरीच्या, बिबट्याचं रूप घेणाऱ्या बाईच्या, टाचांचा आवाज येतो आणि एकदम थांबतो. आता बिबट्या झेप घेणार असं वाटत असताना फुस्स करून बस येऊन उभी राहते. निर्माता व्हॅल ल्यूटन, संकलक मार्क रॉबसन. तेव्हापासून इंग्रजी चित्रपटवाले अशा दचकवण्याला ‘ल्यूटन बस’ म्हणतात. पुढच्यांनी बस काढून तिथे मांजर बसवलं, कारण मांजर स्वस्त पडतं आणि कपाटात मावतं.

करून बघायचं असेल तर एसटी स्टँडवर जाऊन एअर ब्रेक सुटतानाचा आवाज टिपा. फिस्कारण्याच्या खाली तो मिसळला की मांजर वाघाएवढं होतं. आधी चार-पाच सेकंद जवळपास शांतता ठेवा. पंख्याची किंवा रातकिड्यांची पुसट चाहूल हवी, नाहीतर प्रेक्षकाला स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं. मोठा आवाज चित्राच्या एक-दोन फ्रेम आधी सुरू करा. चित्र आधी आलं तर डोळा सावध होतो आणि दणका फुकट जातो. खोल गुरगुरही फार खालच्या पट्टीत ठेवू नका. मोबाइलच्या स्पीकरवर ती ऐकूच येत नाही, आणि लघुपट लोक मोबाइलवरच बघतात.

एक खोट मात्र बहुतेक चित्रपटांत सापडते. दोन बोक्यांच्या भांडणाचा आवाज शांत बसलेल्या मांजराच्या चित्रावर चढवलेला असतो. तोंड मिटलेलं आणि किंकाळी चालू. कपाटातून उडी मारणारं मांजर प्रत्यक्षात ओरडत नाही. पंजे वाजतात, एखादं भांडं पडतं, बस.

सांगली : मांजराला खलनायक कुणी केलं? आपल्याकडेही मांजर आडवं गेलं तर लोक थांबतात. म्हणजे हे आपल्याकडचंच म्हणायचं ना?

आडवं जाणं आपल्याकडे आहे. पण भयपटातलं मांजर तिकडून आलं आहे.

युरोपात १२३३ मध्ये पोप नववा ग्रेगरी याने एका पाखंडी पंथाविरुद्ध पत्र लिहिलं. त्यात त्या पंथाच्या गुप्त विधींत काळं मांजर येतं असं वर्णन होतं. ‘पोपने मांजरं मारायचा हुकूम काढला, म्हणून उंदीर वाढले आणि प्लेग आला’ ही व्हॉट्सअॅपवर फिरणारी गोष्ट मात्र खरी नाही. त्या पत्रात असा हुकूम नाही, आणि मोठा प्लेग आला तो शंभराहून अधिक वर्षांनी. पुढे इंग्लंडमध्ये चेटकिणींवरचे खटले सुरू झाले. १५६६ च्या चेल्म्सफर्डच्या खटल्यात ॲग्नेस वॉटरहाउस या बाईला फाशी झाली. तिच्या मांजराचं नाव सैतान असल्याचं साक्षीत आलं. ते मांजर काळं नव्हतं, पांढऱ्या ठिपक्यांचं होतं. काळा रंग पक्का झाला तो पुढे, कथांनी आणि छपाईच्या चित्रांनी.

अमेरिकन लेखक एडगर अॅलन पोची काळ्या मांजराची कथा १८४३ ची. त्याच वर्षी नोव्हेंबरात तुमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणलं. दोन्हींचा संबंध काही नाही, सांगलीकरांना आवडेल म्हणून सांगितलं. पण पोची कथा नीट वाचली तर दुष्ट मांजर नसतंच. दारुडा निवेदक मांजराचा डोळा काढतो, त्याला फासावर देतो, मग बायकोला मारून भिंतीत चिणतो. दुसरं मांजर फक्त ओरडून खून उघडा पाडतं. चित्रपटांनी त्यातला दारुडा सोडला आणि मांजर उचललं.

जपानची परंपरा निराळी आहे. तिथे म्हातारं झालेलं मांजर माणसाचं रूप घेतं अशी समजूत आहे. दिव्यात माशाचं तेल जळायचं आणि मांजरं मागच्या पायांवर उभी राहून ते चाटायची. भिंतीवर पडलेल्या त्या सावल्यांनी समजुतीला खतपाणी घातलं असावं, असं मानतात. कानेतो शिंदोच्या १९६८ च्या ‘कुरोनेको’मध्ये सामुराईंनी अत्याचार करून मारलेल्या सासू-सुना मांजराचं रूप घेऊन सूड उगवतात. तिथेही पाप आधी माणसाचंच आहे.

आता आपलं. हितोपदेशात दीर्घकर्ण नावाचं मांजर जरद्गव गिधाडाला व्रतवैकल्यांच्या गप्पा मारून गंडवतं आणि पक्ष्यांची पिल्लं खातं. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या शिल्पात एक मांजर हात वर करून तप करतंय आणि पायाशी उंदीर आहेत. आपल्या कथांतलं मांजर ढोंगी आहे, भूत नाही. डोळे मिटून दूध पिणारं. उलट पोरांची राखण करणाऱ्या षष्ठीदेवीचं वाहनच मांजर आहे. बंगालात ते विशेष मानतात, आणि आपली सटवाई याच षष्ठीशी जोडली जाते. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे तर तुमच्या आजीनेही सांगितलं असेल. ज्या समाजात मांजर मारण्याला एवढं महाग प्रायश्चित्त आहे, तिथे मांजर सैतानाचं कसं असेल?

हिंदी भयपटांनी तिकडचं मांजर आणलं, पण प्रायश्चित्ताची भीती इथलीच वापरली. राम गोपाल वर्मांच्या १९९२ च्या ‘रात’मध्ये गाडीखाली मेलेलं मांजर पुरतात आणि मग घरात पुन्हा मांजर दिसतं. ‘पेट सेमेटरी’ या अमेरिकन भयपटातही पुरलेलं मांजर परत येतं. पण काशीचं मांजर ऐकत वाढलेला आपला प्रेक्षक ते बघताना वेगळ्याच कारणाने अस्वस्थ होतो.

कोरेगाव : आमचं मांजर रात्री रिकाम्या कोपऱ्याकडे टक लावून बसतं. सासूबाई म्हणतात, त्याला काहीतरी दिसतं.

सासूबाईंचं बरोबर आहे, फक्त ‘काहीतरी’ म्हणजे पाल, झुरळ किंवा भिंतीमागचा उंदीर. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा बारीक आवाज ऐकू येतो, मांजराला ६० च्या पुढचाही. उंदराच्या पिल्लांची चिवचिव आपल्याला ऐकूच येत नाही, त्याला येते. मिट्ट काळोखात मात्र मांजरालाही दिसत नाही. त्याला आपल्यापेक्षा खूप कमी उजेड पुरतो, एवढंच. कोपऱ्यात लेंड्या किंवा कुरतडलेलं काही सापडतं का बघा. मांजर म्हातारं असेल, भिंतीला डोकं टेकवून उभं राहत असेल किंवा भांड्यांना धडकत असेल, तर पशुवैद्यकाला दाखवा. म्हातारपणी रक्तदाब वाढून नजर अचानक जाऊ शकते.

तासगाव : रात्री मळ्यात लहान बाळ रडल्यासारखा आवाज येतो. मांजर आहे हे माहीत आहे, तरी अंगावर काटा येतो.

माजावर आलेली भाटी किंवा तिच्यासाठी भांडणारे बोके. आवाजाची पट्टी तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या जवळची असते, म्हणून आपला कान ते ओढून घेतो. खायला मागताना काही मांजरं घुरघुरीतही रडण्यासारखा सूर मिसळतात. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी तो मोजला होता, तो २२० ते ५२० हर्ट्झच्या दरम्यान होता. उपाय एकच, नसबंदी. चार ते सहा महिन्यांच्या वयात करून घ्यावी. मळ्यातल्या भटक्या मांजरांची केली तर दोन्ही त्रास जातात, आवाजाचा आणि पिल्लावळीचा.

सातारा : मांजराच्या बाजूने असलेला एखादा भयपट आहे का?

‘एलियन’, १९७९. त्यातलं जोन्स नावाचं मांजर शेवटपर्यंत जगतं. त्याचा घाबरलेला चेहरा मिळवायला पडद्याआड जर्मन शेफर्ड कुत्रा ठेवून पडदा एकदम काढला होता. वाईच्या मुलांनी हे वाचून तसं करू नये.

विटा : सिनेमातलं भूतमांजर ओरबाडतं आणि माणूस झपाटतो. आमच्या मुलाला परवा गल्लीतल्या मांजराने ओरबाडलं, रक्त आलं. शेजारच्या काकूंनी हळद लावली. अजून काही करायचं का?

हे वाचायची वाट बघू नका, आजच दवाखान्यात न्या. मांजराच्या चाव्यातून आणि ओरखड्यातूनही रेबीज होऊ शकतो, आणि लक्षणं दिसल्यावर इलाज नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, मग पोव्हिडोन आयोडीन. हळद, चुना, तिखट, तेल, शाई यातलं काही नाही. हळद लावली असेल तर धुऊन काढा. घट्ट पट्टी बांधू नका.

रक्त आलं असेल तर ती तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीची जखम धरतात. तेव्हा लशीसोबत जखमेच्या आत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं, हे डॉक्टरांना आठवणीने विचारा. कातडीत देण्याची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते, दंडात स्नायूत देण्याची ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. शून्यावा दिवस म्हणजे पहिल्या सुईचा दिवस, ओरखड्याचा नव्हे. दोन दिवस गेले म्हणून आता उपयोग नाही असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. धनुर्वाताची सुई झाली आहे का तेही तपासून घ्या. आणि ते मांजर पुढचे दहा दिवस डोळ्यांसमोर राहील असं बघा, कुणाला हाकलू देऊ नका. मात्र ते ठणठणीत दिसतंय म्हणून मुलाची पहिली सुई लांबवू नका.